खबर ज्याच्या घरची

आमच्या हिच्या मागं तिचा फोन माझ्याकडं राहिला आणि मला त्याची भीती वाटायला लागली. मी जन्मभर शेळ्या वळल्या. रानात लांडगा आडवा आला तरी काठी आपटून जागेवर उभा राहिलेला माणूस आहे मी. पण फडताळात तो फोन घुर्र करून हलला, की मी उठून अंगणात जायचो आणि उगाच दाव्याच्या गाठी तपासत बसायचो.

भीती कशाची, ते आधीच सांगतो. ही गेल्याची खबर गावाला होती, पाहुण्यारावळ्यांना होती. पण तिची आणखी काही माणसं लांब लांबच्या देशांत होती आणि त्यांना ती कुणीच दिली नव्हती. ती मी द्यायची होती, आणि मला ते होत नव्हतं.

आमची ही गावच्या झेडपीच्या शाळेत पहिलीला शिकवायची. मी चौथी शिकलेलो. लोक मला मास्तरणीचा नवरा म्हणायचे, मला त्याचं कधी काही वाटलं नाही. मागच्या काही वर्षांत ती एका गटात गेली. जगभरातले मास्तर आणि बाया त्यात. आपल्याच वर्गात काय चाललंय ते नीट बघायचं, लिहून ठेवायचं आणि महिन्यातून एकदा फोनवर जमून एकमेकांना सांगायचं, असं त्यांचं काम. याला ती संशोधन म्हणायची.

मी एकदा विचारलं, "संशोधन म्हंजी ते शास्त्रज्ञ करत्यात ते ना? तू कशाचं करती?"

"पोरगं वर्गात गप कावून बसतं, त्याचं."

"मार खाल्ला असंल."

"म्हणूनच तुमी चौथीतून पळालात," ती म्हणाली.

त्या गटाकडून काही आलं की फोन ते मराठीत करून दाखवायचा. त्यात एक शब्द सारखा यायचा, 'सामायिक'. तुमची बातमी सामायिक करा, तुमचे काम सामायिक करा. मी ते वाचलं आणि हिला म्हणालो, "हे काय चांगलं दिसत न्हाई. सामायिक म्हणलं की कोर्ट आलं. आपली विहीर बघ की सामायिक हाय, त्यापायी माझा बाप अन् चुलता मरेस्तोवर बोलले न्हाईत." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "अहो, इथं पाणी काढून न्यायचं नसतं. आपलं आणून वतायचं असतं."

फोन धरायचं काम माझं होतं. तिनं एक स्टँड आणलं होतं, ते शेळीनं पाडून मोडलं. तवापासून मीटिंग असली की मी बाजूला उभा राहून फोन धरायचो, असा की मी दिसू नये आणि ती दिसावी. त्यामुळं त्या माणसांचे आवाज मला ओळखीचे झाले. इंग्रजी कळायचं नाही, पण माणूस कळायचा. एक टोपी घालणारे नेपाळचे सर होते, ते आधी खोकायचे आणि मग बोलायचे. आफ्रिकेतली एक बाई होती, ती खळखळून हसायची. तिला मी मनात हसरी बाई म्हणायचो.

त्यांची रीत अशी, की आधी प्रत्येकानं आपली खबर सांगायची आणि मग काम. खबर म्हणजे घरची, गावची, काहीही. हिला ते फार आवडलं आणि ती ते उचलून थेट पहिलीच्या वर्गात घेऊन गेली. सकाळी पोरं आली की हजेरीच्या आधी खबर. तिनं पोरांना नियम घालून दिले. खबर आपल्या घरची सांगायची, दुसऱ्याच्या घरची सांगायची नाही. पोरगं ज्या शब्दांत सांगंल त्याच शब्दांत ती फळ्यावर लिहिणार. आणि बाकीच्यांनी ऐकून विचारायचं, "मंग?"

"आमची शेळी याली."

"मंग?"

"दोन पिल्लं झाली."

"मंग?"

"एक पांढरं हाय."

हे सगळं फळ्यावर यायचं आणि पोरं तेच वाचायची. घरातलंच बोलणं फळ्यावर दिसल्यावर गप बसणारी पोरंसुद्धा बोलायला लागली, असं ती म्हणायची. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जाऊन आलेली पोरं सगळी अक्षरं विसरून यायची, पण खबरी घेऊन यायची. तिथूनच ती त्यांना परत अक्षरांवर आणायची. हे तिनं गटात सांगितलं तेव्हा त्या सगळ्यांनी लई प्रश्न विचारले. हसऱ्या बाईला तर तो 'मंग' इतका आवडला, की ही काही बोलायला लागली की ती मधेच "मंगा?" म्हणायची आणि स्वतःच हसायची.

त्या गटात वर्षातून एका माणसाची मोठी बारी असते. त्यानं आपलं सगळं काम मांडायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. हिची बारी मागच्याच वर्षी यायची होती, तवा नेमकी रेंज गेली आणि ती चांगली साडी नेसून तशीच बसून राहिली. या वर्षी नक्की मिळणार होती. वर्गातले आवाज तिनं फोनात भरून ठेवले होते, फळ्याचे फोटो लावून ठेवले होते. रिटायर व्हायच्या आत एवढं झालं की बास, म्हणायची.

मग एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. जीप करून बीडला निघालो. मांजरसुंब्याच्या चौकात ट्रकांची रांग लागलेली होती. तिथं ती म्हणाली, "पाणी." मी बाटली तिच्या तोंडाला लावली. त्यानंतर ती काही बोलली नाही.

तेरावं झालं, पोरगा पुण्याला परत गेला. जाताना म्हणाला, "बाबा, आईचं सिमकार्ड बंद करून टाकू." मी म्हणालो, राहू दे थोडे दिवस. थोडे दिवस कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं.

आणि एका दुपारी शेळ्यांना पाला टाकताना फडताळातून ते घुर्र झालं. मी हात धोतराला पुसून फोन उघडला. लिहिलं होतं: 'प्रिय सहकारी, पुढील भेटीत तुमचे वळण आहे. कृपया होय म्हणा. तुमच्याकडून ऐकू न आल्यास आम्ही तुमचे वळण पुढील सहकाऱ्याला देऊ. तुमची बातमी ऐकण्यास उत्सुक.'

वळण म्हणजे बारी, ते मला लगेच कळलं. मी गव्हाणीच्या कडेवर टेकलो.

होय म्हणावं, तर ते खोटं. गप बसावं, तर तिची बारी जाणार, ती वाट बघत बसलेली बारी. आणि खरं सांगावं, तर... इथंच माझी गाडी अडायची. गावात ती नव्हती, घरात नव्हती, शाळेत नव्हती. पण त्या माणसांत ती अजून होती. तिथं ती साडी नेसून यायची राहिली होती. मी बोललो की ती तिथूनही जाणार होती, आणि ते माझ्या तोंडानं होणार होतं.

दोन दिवस मी फडताळाकडं बघितलं नाही. मग धीर केला. फोनात बोललं की तोच इंग्रजी करून धाडतो, हे मी हिला करताना बघितलं होतं. मी त्याचं बटण दाबलं, तोंड जवळ नेलं आणि म्हणालो, "बाई गेल्या."

गेलं. शेळ्यांचा पाला संपायच्या आत उत्तर आलं. 'अरे वा. त्या कुठे गेल्या? त्यांना सुंदर प्रवास लाभो. त्या परत कधी येणार?' खाली हसऱ्या बाईनं विमानाचं चित्र धाडलं होतं.

मी फोन उलटा करून घोंगडीखाली ठेवला. जगात कुठं तरी माणसं बसली होती, हिला विमानात बसवून वाट बघत होती, आणि ते मी केलं होतं.

माझा एक जुना मैतर आहे, शेजारच्याच बांधाचा. सकाळी चहाला आला आणि माझं तोंड बघून म्हणाला, "कावून बे? खाल्लं न्हाईस का काही?"

मी त्याला सगळं दाखवलं. तो आधी हसला. मग चष्मा काढून डोळे पुसत म्हणाला, "येड्या, गेल्या म्हणल्यावर त्यान्ला वाटणारच गावाला गेल्या. वारली म्हण, वारली. सरळ हाय."

"तू बस हितं," मी म्हणालो. एकट्यानं ते बटण दाबायची माझी हिंमत नव्हती.

बटण दाबलं. "आमची ही वारली."

चहा निवायच्या आत उत्तर आलं. मैतरानं मोठ्यानं वाचलं. "वारली. आम्हाला ही चित्रकला फार आवडते. पांढऱ्या माणसांचा गोल नाच. त्या भेटीत आपली चित्रे दाखवतील का?"

त्यानं फोन माझ्या हातात दिला. शेळी तेवढी ओरडत होती.

"आता रं?" शेवटी तो म्हणाला. "आता तुला भिंतीवर नाचणारी माणसं काढावी लागतेत."

"हसू नको."

"हसत न्हाई बे. पण एवढा फटकळ तू. सरपंचाला भर सभेत तोंडावर बोललास. मेली म्हण की सरळ, यंत्रालाबी कळंल."

"तू म्हण."

"माझी होती का ती?" तो म्हणाला आणि कप खाली ठेवून उठला.

खरं होतं ते. मी कुणाची भीड न ठेवणारा माणूस. पण तो शब्द आमच्याकडं शेळीला लावतात, नाहीतर शिवी देताना. तिच्या फोनात, तिच्या माणसांपुढं, तिला तो कसा लावायचा? आणि आता तर नुसती बारीच नाही, तिच्या नावावर चित्रंही लागली होती. मी एक एक शब्द बोलत होतो आणि ती लांब तिकडं भलतीच कुणीतरी होत चालली होती. हे असंच चाललं तर त्यांना खरी ती कधी कळणारच नाही, या भीतीनं मी शाळेची वाट धरली.

हिच्या जागेवर एक तरुण मॅडम होत्या. परळीकडच्या, आधी तिसरीला शिकवायच्या आणि हिला मोठ्या बहिणीसारखं मानायच्या. त्यांना इंग्रजी चांगलं येतं. मी मधल्या सुट्टीत गेलो. वर्गात शिरलो आणि दारातच थांबलो. हिनं लावलेले खबरींचे कागद भिंतीवर तसेच होते. 'आमच्या म्हशीनं लाथ मारली.' 'दाजी मोटारसायकलवरून पडला.'

"या काका, बसा," मॅडम म्हणाल्या.

मी बसलो नाही. फोन पुढं केला. त्यांनी सगळं वाचलं, विमान बघितलं, वारली बघितलं. ओठ दाबून धरले. हसू होतं का रडू, मला कळलं नाही.

"पोरी," मी म्हणालो, "तू इंग्रजीत लिहून टाक. एका ओळीत. मला ह्यातनं सोडव."

"मी न्हाई लिहिणार, काका."

मला राग आला. "कावून? बोटं दुखत्यात?"

"खबर तुमच्या घरची हाय. दुसऱ्याच्या घरची खबर आपण सांगायची न्हाई. बाईंचाच नियम हाय, मी कशी मोडू?" त्या म्हणाल्या. मग जरा थांबून बोलल्या, "तुम्हाला एक सांगते. बाई गेल्यावर पहिल्यांदा वर्ग भरला, मी विचारलं, आज कुणाच्या घरी काय खबर? एक पोरगी उठून म्हणाली, 'आमच्या बाई मेल्या.' मी फळ्यावर 'वारल्या' असं लिहिलं. पोरं म्हणाली, मॅडम, तिनं हे न्हाई म्हणलं. मी तिला म्हणाले, अगं, ही तुझ्या घरची खबर कुठाय? तर म्हणती, 'आमच्याच हायेत की बाई.' मग मी वारल्या पुसलं."

मी भिंतीकडं बघत राहिलो.

"तुम्ही बोला," त्या म्हणाल्या. "मराठीत बोला, जसं येईल तसं. मी शेजारी बसून इंग्रजी करते. आणि बाईंचं काम मी मांडते, तेवढं मला येतं."

"मला न्हाई व्हायचं."

"मग त्यांना काय कळवू? बारी दुसऱ्याला द्या म्हणून?"

वर्मी घाव घालायला मॅडमही हिच्याच हाताखाली शिकल्या होत्या. मी म्हणालो, "लिही होय." त्यांनी लिहिलं की होय, घरचं माणूस बोलेल. बाकी एक अक्षर जास्त लिहिलं नाही.

मीटिंगच्या शनिवारपर्यंत मी नीट जेवलो नाही. रानात शेळ्यांमागं फिरताना तो शब्द तोंडात घोळवून बघायचो आणि गिळून टाकायचो. एकदा मोठ्यानं म्हणालो, तर एक शेळी मान वर करून माझ्याकडं बघायला लागली. मी घाबरून इकडंतिकडं बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. वाटायचं, त्या दिवशी रेंज जावी. मग वाटायचं, मागच्यासारखी रेंज गेली तर तिची बारी परत हुकंल. दोन्हीची भीती.

शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारी पोरं गेल्यावर आम्ही दोघं वर्गात बसलो. फोन खडूच्या डब्याला टेकवून उभा केला. एक एक चौकोन उघडला, त्यात एक एक तोंड. टोपीवाले सर, हसरी बाई, आणखी बऱ्याच जणी. सगळे हात हलवत होते आणि माझ्या खांद्यामागं बघत होते. ती कुठंय, म्हणून. एका बाईनं हातांनी वारलीचा नाच करून दाखवला. खडूच्या पिवळ्या डब्यावर नजर लावून मी बसून राहिलो.

खबरी सुरू झाल्या. मॅडम हळू आवाजात मला मराठी करून सांगत होत्या. कुणाच्या शाळेत पाणी शिरलं होतं. टोपीवाल्या सरांना, खोकून झाल्यावर, नातू झाला होता. प्रत्येक खबर संपली की माझी जवळ यायची. माझ्या मनात एकच, की उठावं आणि दारातून चालू लागावं. कोण अडवणार होतं?

"काका, तुमची बारी," मॅडम म्हणाल्या.

"राम राम," मी म्हणालो. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "मी हिचा नवरा. फोन धरणारा."

मॅडमनी सांगितलं. ते सगळे हसले, चांगलं हसले. त्यांना माहीत होतं तर, की फोन कुणीतरी धरत होतं. हसरी बाई टाळ्या वाजवायला लागली, आणि मला आणखीच भीती वाटली, कारण आता ते हसू मी पुसणार होतो.

"ती गावाला गेलेली न्हाई," मी म्हणालो. "ती चित्रंबी काढत न्हाई. ते माझं चुकलं." मी डबा दोन्ही हातांनी धरला. "आमची ही मेली."

मॅडमनी इंग्रजीत सांगितलं. ते अगदी छोटं होतं, माझ्या शब्दाएवढंच.

टोपीवाल्या सरांनी टोपी काढली. एका बाईनं तोंडावर हात ठेवला. कुणी काही बोलेना. ती शांतता अशी वाढत चालली, की मला वाटलं मी सगळंच मोडलं, आता हे एक एक करून जाणार आणि चौकोन काळे होणार. माझा हात फोन बंद करायला पुढं गेला.

तेवढ्यात हसऱ्या बाईचा आवाज आला. ती हसत नव्हती. डोळ्यांतलं पाणी गालावर आलेलं होतं आणि ती एकदम हळू म्हणाली,

"मंगा?"

हिच्या वर्गात कुणी मंग विचारलं की सांगावंच लागतं. पोरं सांगतात. मी हात मागं घेतला.

"मंग काय," मी म्हणालो. "मंग मी घरी आलो. शेळ्या सोडल्या. भाकर शेजारून येती, ती खातो. अन् मला भीती वाटती. आधी कशाची वाटत नव्हती, आता फोनची वाटती, दुपारची वाटती. तुमचीबी वाटत होती. मी हे अजून कुणाला सांगितलेलं न्हाई, पोरालाबी न्हाई."

मॅडमचा आवाज मधेच बसला, पण त्यांनी सगळं सांगितलं. मी बघत होतो, त्यांनी काही गाळलं नाही.

या वेळी टोपीवाले सर खोकले आणि म्हणाले, "मंग?"

"मंग तिचं काम ऐका," मी म्हणालो. "बारी तिची हाय."

मॅडमनी वर्गातले आवाज आपल्या फोनवर घेऊन ठेवले होते. त्यांनी तो फोन टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं पोरांचे आवाज असतील, तेवढ्याचीच मी तयारी केली होती. पण आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग तिचा.

"चला, आज कुणाच्या घरी काय खबर?"

खडूच्या डब्याला माझा धक्का लागला आणि टेकवलेला फोन आडवा झाला, त्या सगळ्यांना आता वर्गाचं छतच दिसत असणार. मी उठलो, फोन उचलला आणि बाजूला जाऊन उभा राहिलो. मी दिसू नये आणि भिंतीवरचे तिचे कागद दिसावेत, असा धरला. हात थरथरत होते, कागदही तिकडं थरथरत असतील.

"काका, मी धरू का?" मॅडम कुजबुजल्या.

"नको," मी म्हणालो. "हे काम माझं हाय."